खालच्या टाकीत शेवाळाची बाग लावावी का?

या सदराला येणाऱ्या पत्रांत गच्चीची गळती, विजेचे बिल, मुलांचा मोबाईल हेच विषय जास्त असतात. या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे आणि ते आहे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाबद्दल. असा शौक सगळ्यांच्या घरी नसतो हे खरे. पण पत्रातला पेच मात्र बहुतेक घरांतला आहे. बिघाड एका ठिकाणी, आणि उपाय म्हणून भलतीच वस्तू विकत घ्यायची वेळ आलेली.

मुलांचे अब्बा जहाजावर नोकरीला. मागच्या सुट्टीत त्यांनी हॉलमध्ये चार फुटांची टाकी बसवली. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. आत सिरॅमिकचे खडक, दोन क्लाऊनफिश (ज्यांना मुले निमो म्हणतात), एक निळा डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी, आणि खडकांवर मशरूम व झोॲन्थिड जातीचे मऊ जीव. सहा महिने सगळे माशाअल्लाह छान चालले. आता खडकांवर हिरवे, केसांसारखे शेवाळ आले आहे. दुकानदाराने पाणी तपासून सांगितले की नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.४, म्हणजे लिटरला इतके मिलिग्रॅम. त्यावर त्याचा उपाय म्हणजे रेफ्युजियम. जुना संप काढून नवा मोठा संप, त्यात शेवाळाचा कप्पा, वर दिवा, सगळे मिळून १८,००० रुपये. अब्बा फोनवर म्हणाले, घेऊन टाक. बारावीतला मुलगा तर उडीच मारतोय, कारण मग मँडरिन मासा ठेवता येईल असे दुकानात सांगितले आहे. भगिनी विचारतात, "सगळे घ्या म्हणतात, पण उद्यापासून त्याची साफसफाई कोणाच्या अंगावर येणार ते मला ठाऊक आहे. खरोखर गरज आहे का?"

पत्राच्या खाली ता.क. आहे. "सासरे दर नमाजनंतर माशांना चिमूटभर दाणे घालतात. त्यांना फार आनंद होतो. त्याने काही बिघडत नाही ना?"

माझ्या मते अर्धे उत्तर त्या ता.क. मध्येच आहे. पण आधी रेफ्युजियम म्हणजे काय ते पाहू.

ज्यांच्या घरी असे मत्स्यालय नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर संप म्हणजे हरताळ नव्हे. मुख्य टाकीच्या खाली, कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचे पाणी नळीतून खाली येते, गाळले जाते आणि पंपाने परत वर जाते. या खालच्या टाकीतला एक कप्पा वेगळा ठेवून त्यात समुद्रशेवाळ वाढवायचे, म्हणजे रेफ्युजियम. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ आसरा. मासे तिथे पोहोचत नाहीत, त्यामुळे कोपेपॉड, ॲम्फिपॉड असे बारीक कवचधारी जीव निर्धास्त वाढतात आणि त्यांतले काही पाण्याबरोबर वरच्या माशांच्या तोंडी पडतात. हा झाला आसऱ्याचा भाग.

दुसरा उपयोग सफाईचा. आपण माशाला जे खायला घालतो त्यातले बरेचसे शेवटी पाण्यातच उतरते. विष्ठेचा आणि कुजलेल्या दाण्यांचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जाते. फॉस्फेटही अन्नातूनच येते. शेवाळाला ही दोन्ही खते हवीच असतात. ते वाढते, आपण मूठभर उपटून बाहेर टाकतो, आणि त्याच्या अंगात साठलेले नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर जाते. खालचा दिवा रात्री लावतात, म्हणजे वरचा दिवा बंद असताना शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पहाटे पाण्याचा पीएच फार उतरत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर ॲडी यांनी १९८० च्या दशकात मोठ्या प्रवाळ-टाक्यांचे पाणी शेवाळाच्या जाळ्यांवरून वाहते ठेवून स्वच्छ राखण्याची पद्धत विकसित केली. त्याच विचाराची ही घरगुती भावंडे. पद्धत चांगली आहे, यात शंका नाही. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की या घरातल्या या टाकीला आज ती हवी आहे का?

आता थोडा हिशेब. भगिनी लिहितात की दर आठवड्याला त्या १० टक्के पाणी बदलतात आणि तरी गेले दोन महिने नायट्रेट ४० वरच अडकले आहे. यात गूढ काही नाही. १० टक्के पाणी बदलले की नायट्रेट १० टक्के कमी होते, म्हणजे ४० चे ३६. पुढच्या आठवड्यात दाण्यांतून परत ४ येतात, की पुन्हा ४०. जितके जाते तितकेच येते, म्हणून काटा तिथेच. यावरून उलटा अंदाजही बांधता येतो, की टाकीत आठवड्याला साधारण ४ मिलिग्रॅमची भर पडते आहे. समजा अन्न निम्मे केले आणि भर २ वर आली, तर तेच १० टक्के पाणी बदलत राहून काटा हळूहळू २० कडे येऊन थांबेल. एक पैसा खर्च नाही. नुसते १० टक्क्यांवर सोडले तर तिथे पोहोचायला काही महिने लागतात, म्हणून सुरुवातीला आठवड्याच्या अंतराने दोनदा २५ टक्के पाणी बदलावे. ४० चे ३०, त्यात २ ची भर, ३२ चे २४. दोन आठवड्यांत निम्म्याच्या जवळ.

तुमच्या टाकीतल्या मशरूम आणि झोॲन्थिडना २० नायट्रेट चालते. ते काही नाजूक दगडी प्रवाळ नव्हेत. शून्य तर मुळीच नको. पाण्यातली खते अगदी संपली तर हे जीव फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, तारदार चिकटा डोके वर काढू शकतो, जो हिरव्या शेवाळापेक्षा जास्त छळतो. आकडा खाली आणायच्या नादात रेफ्युजियम, जास्तीचा फिल्टर, औषधाची बाटली असे सगळे एकदम लावणाऱ्यांच्या टाक्यांत हे घडते.

आता हेच काम शेवाळाकडून करून घ्यायचे म्हटले तर? ढोबळ हिशेबाने निथळलेले १०० ग्रॅम शेवाळ बाहेर काढले तर त्याबरोबर एक ग्रॅमच्या आसपास नायट्रेट जाते. तुमच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता २०० लिटरच्या आसपास पाणी असेल. म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम. आठवड्याची भर जेमतेम निघते, तीही शेवाळ दर आठवड्याला १०० ग्रॅम वाढले आणि कोणी न चुकता ते काढले तर. काढले नाही तर ते आपल्याच ओझ्याखाली कुजते आणि घेतलेले सगळे पाण्याला परत देते. ३० वॅटचा दिवा रोज १२ तास चालला तर महिन्याला ११ युनिटे. फार नाहीत, पण आहेत.

आणि एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वरच्या खडकांवरचे जे केसाळ शेवाळ तुम्हाला नको आहे, ते आत्ता रेफ्युजियमचेच काम करते आहे. तेही नायट्रेट आणि फॉस्फेटच खाते. दर शुक्रवारी पाणी बदलण्याआधी ते हाताने उपटून, बारीक नळीने ओढून बाहेर काढा. काढलेली प्रत्येक मूठ ही फुकटची सफाई आहे. ते टाकीतच घासून पाण्यात सोडलेत तर मात्र काही उपयोग नाही. पंधराएक हर्मिट खेकडे किंवा टर्बो गोगलगायी ठेवल्या तर उरलेसुरले त्या चरतात, पण चरून त्या विष्ठाही पाण्यातच टाकतात, म्हणून उपटणे सुटत नाही.

हाताला लागायच्या आधी एक सावधगिरी. झोॲन्थिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे फार जहाल विष असते. खडक घासताना हातमोजे घाला, चष्मा घाला, त्या हाताने डोळे-तोंड पुसू नका. लहान मुलांना हे काम देऊ नका. आणि खडक "निर्जंतुक" करायला गरम पाण्यात उकळण्याचा किंवा कडकडीत पाणी ओतण्याचा विचारही करू नका. अशा वाफेने अख्खे घर दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

आता ता.क. कडे येऊ. पाच वेळा चिमूट. या वयात चिमूट कधी छोटी, कधी मोठी, आणि नातवंडे मागे लागली तर आणखी एक. इतक्या मोजक्या माशांना दिवसाला लागते तरी किती? दोन मिनिटांत संपेल इतके, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हा हिशेब भगिनींनी मनात केलेला असणारच. त्यांना अडचण आहे ती सांगण्याची. म्हाताऱ्या माणसाला, ज्याचा दिवस नमाजच्या वेळांना बांधलेला आहे आणि ज्याला त्या काचेपलीकडच्या दोन नारिंगी माशांनी नवा विरंगुळा दिला आहे, त्याला "तुम्ही घालू नका" कसे म्हणायचे? म्हणू नका. त्यांच्या हातून ते काम काढून घेणे मला तरी योग्य वाटत नाही, आणि गरजही नाही.

औषधांच्या दुकानात गोळ्या ठेवायची कप्प्यांची डबी मिळते, ज्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे खण असतात. दिवसाचे सगळे दाणे रात्री मोजून पाच खणांत भरून ठेवा. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा. एका खणात पाच-सहाच दाणे येतील. अब्बाजानना सांगा की डॉक्टरांनी माशांनाही डोस ठरवून दिला आहे. चालीस वर्षे जहाजावर किंवा शेतावर काढलेला माणूस नेमून दिलेल्या कामाला कमी पडत नाही. पाच वेळा थोडे-थोडे घालणे हे एकदम ढीग घालण्यापेक्षा माशांना बरेच मानवते. फजरचा खण मात्र टाकीचा दिवा लागेपर्यंत थांबवा, कारण झोपलेले मासे खात नाहीत आणि दाणे तळाला जातात. गोठवलेले मायसिस किंवा आर्टिमिया देत असाल तर चहाच्या गाळणीत धरून आरओच्या पाण्याने धुवून मगच घाला. त्या बर्फाच्या पाण्यातही फॉस्फेट असते.

पाण्याबद्दलही विचारायला हवे. पत्रात लिहिलेले नाही, पण उडून गेलेले पाणी भरायला विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरत असाल तर फॉस्फेट आणि सिलिकेट तिथूनही येत असेल. भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याचीच घालावी, मिठाच्या पाण्याची नाही, कारण उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये अशी शिकवण असलेल्या आपल्या घरांत ते मोरीत सोडणे बरे दिसत नाही. पिंपात धरा, लादी पुसायला आणि न्हाणीघराला ते उत्तम चालते.

फॉस्फेट पाण्यासारखे सहज उतरत नाही. खडक ते शोषून ठेवतात आणि पाणी बदलले की परत सोडतात. त्यासाठी लोहाची तपकिरी खडी मिळते, तिला जीएफओ म्हणतात. जाळीच्या पिशवीत लेबलावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मी घालून संपमधल्या वाहत्या पाण्यात ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. ०.४ चे ०.१ व्हायला दोन महिने लागले तरी घाई नको. एकदम उतरवले तर मऊ जीव आक्रसतात. आणि मोजण्यासाठी दुकानावर अवलंबून राहू नका. विकणाऱ्यानेच रोग सांगायचा आणि त्यानेच औषध द्यायचे हे कुठल्याच धंद्यात गिऱ्हाइकाच्या हिताचे नसते. नायट्रेट आणि फॉस्फेटचे दोन टेस्ट किट घरात असावेत. १८,००० रुपयांपुढे तो खर्च काहीच नाही.

आता त्या नव्या संपाबद्दल, कारण पत्रासोबत दुकानदाराने काढलेला आराखडाही आला आहे आणि त्यात मला खरी भीती वाटते. कोकणात वीज जाते, पावसाळ्यात तर रोज जाते. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले पाणी नळ्यांच्या तोंडापर्यंतच्या पातळीला येईतो खाली संपमध्ये उतरते. समजा वरची पातळी ३ सेंटिमीटर उतरली. १२० गुणिले ४५ गुणिले ३, म्हणजे १६ लिटरहून थोडे जास्त. तुमचा संप ७५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३५ उंच आहे. त्यात हे पाणी आले की पातळी सहा सेंटिमीटरहून थोडी जास्त चढते. आज आतले पाणी २२ सेंटिमीटरला आहे, म्हणजे २८ वर जाऊन थांबते. सात सेंटिमीटर शिल्लक. म्हणून आजवर कधी सांडले नाही.

नवा संप म्हणतात तो "मोठा", पण कपाट तेच असल्यामुळे त्याचीही बाहेरची मापे तीच आहेत. वाढले आहेत ते फक्त आतले कप्पे. शेवाळाला खोली मिळावी म्हणून आराखड्यात चालू पाण्याची पातळी २९ सेंटिमीटर धरली आहे. २९ आणि ६.२ किती होतात? ३५.२. काठ ३५ ला. वर नळ्यांत उभे असलेले पाणी वेगळेच. म्हणजे पहिल्याच रात्री वीज गेली की खारे पाणी कपाटात, आणि कपाटातच प्लगची पट्टी. मुलगा विज्ञान शाखेचा आहे, त्याच्याकडून हा गुणाकार करून घ्या आणि तो कागद दुकानात दाखवा. रेफ्युजियम घ्या अगर न घ्या, दोन गोष्टी आजच करा. पट्टी कपाटाच्या भिंतीवर उंच बसवा, आणि प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेलेली असू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. घराच्या बोर्डावर आरसीसीबी आहे का तेही वायरमनला विचारा.

हॉलमध्ये कोण झोपते हाही प्रश्न रेफ्युजियममध्ये येतो. शेवाळाचे दिवे बहुधा जांभळट असतात आणि ते रात्रभर चालतात. कपाटाच्या फटींतून तो उजेड दिवाणावर येणार असेल आणि दिवाणावर सासरे झोपत असतील, तर तहज्जुदला उठणाऱ्या माणसाची झोप आपण निष्कारण मोडतो.

राहिला मँडरिन मासा. मुलाला तो का हवा ते समजते. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेषा, बोटाएवढा जीव, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या मधल्या उबदार पट्ट्यातला. पाहिल्यावर नजर हटत नाही. पण तो दाणे खात नाही. दिवसभर खडकांवरून एकेक कोपेपॉड टिपत फिरतो, आणि नवख्या टाकीतले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो. मग पोट आत जाते, पाठ धारदार दिसू लागते, आणि एक दिवस तो खडकामागे मरून पडतो. दाण्यांनी भरलेल्या टाकीत उपाशी. खऱ्या अर्थाने रेफ्युजियम लागते ते या माशासाठी. आणि तेही मासा आणायच्या आधी किमान सहा महिने चालू असलेले, कोपेपॉडनी भरलेले. दुकानदाराने दोन्ही एकाच फेरीत न्यायला सांगितले असेल तर तो मासा मरायला नेतो आहोत असे समजा.

आपल्याकडे घरात प्राणी ठेवण्याबद्दल विचारले की हजरत अनस यांचे धाकटे भाऊ अबू उमैर आणि त्यांची चिमणी सांगितली जाते. ती चिमणी मेली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या लहान मुलाची कशी विचारपूस केली ते आपण जाणतोच, आणि त्यावरूनच अनेक उलेमांनी पाखरू पाळणे जायज ठरवले. पण त्याच हदीस-संग्रहांत मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईचाही उल्लेख आहे, जिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे खाणे शोधायला मोकळेही सोडले नाही. मँडरिन माशाला तो जे खाऊ शकत नाही ते रोज घालत राहणे याहून फार वेगळे नाही. मुलाला हे असेच सांगा. बारावीचा मुलगा समजण्याइतका मोठा असतो, आणि "पैसे नाहीत" यापेक्षा हे कारण त्याला जास्त पटेल.

त्याच्याच कानावर आणखी एक घाला. पुढेमागे "खरा रीफ" करायच्या हौसेने दगडी प्रवाळ आणायचा विचार असेल, तर आपल्या देशात सर्व दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला असते तेच संरक्षण त्यांना आहे. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही. तुमच्या टाकीत सिरॅमिकचे खडक आहेत हे चांगलेच आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, ते तिथेच पाहावेत. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा, म्हणजे सर्वसाधारण अर्थाने प्रवाळाचा, उल्लेख येतो तो दोन समुद्रांच्या वर्णनात.

तर माझा सल्ला असा. आज रेफ्युजियम घेऊ नका. मुलांच्या अब्बांना फोनवर वरचे आकडे वाचून दाखवा. जहाजावर काम करणाऱ्याला टाकीची पातळी आणि पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. डबी आणा, दोनदा २५ टक्के पाणी बदला, शेवाळ उपटत राहा, जीएफओची पिशवी ठेवा आणि एका वहीत दर शुक्रवारचे दोन आकडे लिहा. तीन महिन्यांनी, अब्बा सुट्टीवर येतील तेव्हा, ती वही त्यांच्यापुढे ठेवा. नायट्रेट २० च्या खाली येऊन स्थिरावले असेल तर विषय संपला.

इतके करूनही आकडा चढाच राहिला, किंवा मुलाला शेवाळ आणि कोपेपॉड वाढवायची खरोखरच गोडी लागली, तर नव्या संपाची गरज तरीही नाही. जुन्याच संपमध्ये, पाणी वाहते त्या जागी, भोकाभोकांची एक प्लास्टिकची टोपली बसवा. टोपलीने पातळी जवळजवळ वाढत नाही. त्यात किटोमॉर्फा नावाचे शेवाळ मूठभर घाला. ते गुंतलेल्या हिरव्या जाळ्यासारखे दिसते, कशाला मुळे धरत नाही, उचलले की अख्खे हातात येते. कॉलेर्पा घेऊ नका, ते दिसते सुंदर, पण कधीकधी एका रात्रीत प्रजननपेशी सोडून पांढरे पडते आणि टाकीचे पाणी दुधासारखे करते. वर क्लिपने लावायचा झाडांचा साधा एलईडी, टायमरला जोडलेला, रात्रीचे दहा-बारा तास. किनाऱ्यावरच्या खडकांवरून शेवाळ खरवडून आणू नका. त्याबरोबर खाडीतले तेल आणि नको ते किडे येतात.

शेवाळाचे एक वजन-माप लक्षात ठेवा. ते नायट्रेटचे सुमारे वीस भाग घेते तेव्हा फॉस्फेटचा एक भाग घेते. म्हणून टाकीत दोन्ही असतील तोवर वाढते. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर, अशी पाळी आली तर शेवाळ उपासमारीने पांढरे पडू लागते. तेव्हा दिवा वाढवून काही होत नाही. शेवाळ काढून टाकावे किंवा माशांचे दाणे थोडे वाढवावेत.

टोपलीची जबाबदारी मुलाची, हे आधीच ठरवून घ्या. दर शुक्रवारी जुम्याच्या आधी अर्धे शेवाळ बाहेर काढणे, निथळून स्वयंपाकघरातल्या नव्हे तर वेगळ्या काट्यावर वजन करणे, वहीत लिहिणे. सलग तीन शुक्रवार त्याने चुकवले तर टोपली उचलून ठेवा, भगिनींनी ते काम स्वतःकडे ओढून घेऊ नये.

काढलेले शेवाळ खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात फेकायचे नाही. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळच्या समुद्रात मत्स्यालयातल्या कॉलेर्पाचा एक छोटा पट्टा दिसला होता, तो पुढे फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यांपर्यंत पसरला. आपले शेवाळ गोड्या पाण्यात दोनदा खळबळून, उन्हात वाळवून माडाच्या आळ्यात टाका. माडाला थोडा खारटपणा चालतो. कढीपत्त्याच्या कुंडीत मात्र नको.